चाकणच्या रस्त्यावर चलन कुणाच्या नावाने फाटतं?

पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता चाकणच्या तळेगाव चौकात एकमेकांना छेदतात. कारखान्यांचे कंटेनर, कामगारांच्या बस, दुचाकी, सगळं इथूनच जातं. 8 ऑगस्ट 2025 ला तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या पहाटे इथली कोंडी पाहायला आले होते.

कोंडीची ओरड झाली की कारवाई कडक होते. गस्तीची गाडी, स्पीडगन, ई-चलन. 2018 मध्ये पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं, चाकण त्याच्याच हद्दीत येतं. उलट्या दिशेने येणारी दुचाकी अडवायलाच हवी, यात वाद नाही.

ट्रकचं गणित मात्र वेगळं आहे. वाहन कारखाने सुट्या भागांचा मोठा साठा ठेवत नाहीत, माल ठरलेल्या वेळेला मागवतात. गर्दीच्या तासांत अवजड वाहनांना बंदी घातली की लवकर आलेला ट्रक रस्त्याच्या कडेलाच थांबतो आणि एक लेन जाते. चलन ट्रकवर फाटतं. त्याला थांबायला जागा का नव्हती, हे कुणी विचारत नाही.

जादा मालाबाबत कायद्याचा हात लांब आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 20 हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे 2 हजार असा दंड आहे. तो चालकाइतकाच, तशी गाडी चालवायला लावणाऱ्यालाही लागू होतो. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, असंही त्यात आहे. भरगर्दीच्या चौकात तो उतरवायचा कुठे, हे गस्तीच्या गाडीतल्या हवालदारालाच विचारावं लागेल.