रस्त्याचा इतिहास मुलांच्या हाती द्या



अमेरिकेत १९१३ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को असा लिंकन हायवे आखला गेला. १ सप्टेंबर १९२८ रोजी स्काउटच्या मुलांनी त्याच्या कडेने सुमारे ३,००० काँक्रीटचे खांब रोवले. तोवर रस्त्यांना नंबर आले होते, पुढे नाव मागे पडलं. पण १९९२ पासून स्वयंसेवक पुन्हा संघटित होऊन जुना मार्ग शोधतात, उरलेले खांब जपतात.

खांब रोवणारी मुलंच होती ना! मग आपण आपल्या मुलांना नुसत्या सनावळ्या पाठ करायला लावून का थांबतो? पुढच्या परिसर भेटीत त्यांना रस्त्याकडेचा जुना मैलाचा दगड दाखवा. त्याच्याबद्दल आजी-आजोबांना विचारायला सांगा. जे स्वतः शोधलं, तेच मुलं जपतात.