बारा मिनिटांची सूट

मुंबईत सूर्य बार्शीपेक्षा दहा-बारा मिनिटे उशिरा मावळतो, ही गोष्ट मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळली. जो गाव पश्चिमेला, तिथे सूर्यास्त उशिरा, एवढा साधा हिशेब; पण आमचे सगळे हिशेब क्विंटलचे, सूर्याचा कोण करतो! सूर्यास्तापूर्वी जेवून हात धुवायचे हा नियम लहानपणापासून अंगवळणी पडलेला. त्यामुळे घाटकोपरला मुलाच्या घरी राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली आणि मनात म्हटले, चला, या शहराने आल्या आल्या बारा मिनिटांची सूट तर दिली. वाचकहो, आडतीच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला सूट या शब्दाने किती आनंद होतो, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

पुढे लक्षात आले की, एका हाताने दिलेली ही सूट मुंबई दुसऱ्या हाताने व्याजासकट वसूल करते.

आधी लोकलगाडीचे सांगतो. आमच्या बार्शीला रेल्वेचे अप्रूप नाही. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1897 सालीच आमच्याकडे धावू लागली होती आणि तिच्या संथपणाच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. तेव्हा मस्जिद बंदरला एका जुन्या गिऱ्हाइकाची भेट घ्यायची होती, त्या दिवशी मी फलकावर ‘जलद’ हा शब्द पाहून मोठ्या विश्वासाने गाडीत चढलो. पैसे तेवढेच आणि माल लवकर पोहोचणार, तर कोणता व्यापारी धीमी गाडी घेईल? गाडी खरोखर जलद होती. इतकी, की मस्जिद स्टेशन माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेले आणि मी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाऊन उतरलो. जलद गाडी मस्जिदला थांबतच नाही, हे ज्ञान मला परतीच्या धीम्या गाडीत एका सद्गृहस्थांनी दिले. मात्र त्यासाठी त्यांनी आपल्या बाकावर चौथी जागा करून दिली, हेही नमूद केले पाहिजे. तीन माणसांचा बाक, त्यावर चौथ्याने जेमतेम टेकायचे आणि उरलेला देह मधल्या वाटेत अधांतरी ठेवायचा, असा हा रिवाज आहे. त्याची कुठे नोंद नाही, पावती नाही. तरी कोणी नाही म्हणत नाही. आमच्या पेठेत अशा तोंडी व्यवहारावर लाखोंची उलाढाल होत असे, म्हणून त्या अर्ध्या वितीच्या जागेवर मला एकदम घरच्यासारखे वाटले.

खाण्याच्या बाबतीत मात्र माझी पुरती फसगत झाली. घाटकोपरची खाऊगल्ली आमच्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर. सकाळी फिरायला जाताना तिथून गेलो, तर तवे पालथे घातलेले. दुपारीही शांतता. मी हात धुऊन, तोंड पुसून, दिवेलागणीला शतपावलीला निघालो, तेव्हा मात्र गल्ली लग्नघरासारखी उजळलेली! ज्या घटकेला माझे तोंड बंद होते, नेमक्या त्याच घटकेला त्या गल्लीचे उघडते. डोशावर पावभाजी, त्यावर चीजचा हिमवर्षाव, असे प्रकार मी केवळ प्रेक्षक म्हणून पाहिले आहेत. त्यांच्या चवीविषयी या स्तंभातून काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

तिथेच माझ्या कानांवर एक प्रश्न पडला: “जैन की रेग्युलर?” मी दचकलो. साठ वर्षे मी जैन आहे, पण त्यामुळे आपण ‘रेग्युलर’ नाही, हे मला कोणी जाणवू दिले नव्हते. प्रश्न सँडविचविषयी होता. बार्शीत जैन म्हणजे माणसे; मुंबईत जैन पावभाजी, जैन मंचुरियन, इतकेच नव्हे तर जैन वडापावही असतो. त्यात बटाट्याच्या जागी कच्चे केळे. सूनबाईंनी एका रविवारी दुपारी तो मला खाऊ घातला. केळ्याने बटाट्याची भूमिका इतकी मनापासून वठवली होती की, मला क्षणभर आपण व्रतभंग केला की काय, अशी शंका आली. आणखी एक गंमत. माझ्यापुढच्या एका तरुणाने जैन सँडविच मागितले, तेव्हा मी आपुलकीने त्याचे गाव विचारले. तो म्हणाला, “काका, मी जैन नाही. उद्या नाही, आत्ता मुलाखत आहे. कांद्याचा वास नको.”

हे सारे हसण्यावारी नेता येते. एक गोष्ट नेता येत नव्हती.

बार्शीत आम्ही दुकानावरून साडेपाचला घरी येत असू. मी, धाकटा भाऊ, पुतणे, कधी एखादा परगावचा शेतकरी, अशी पाच-सात पाने एका रांगेत मांडली जात. दिवसभरात कोणाशी वाकडे बोलणे झाले असेल, तर ते त्या पंगतीत सरळ होई. मुंबईच्या घरात मी पावणेसहाला एकटा जेवायला बसतो. सूनबाई गरम फुलके वाढते, जवळ उभी राहते, तिच्याकडून काडीची उणीव नाही. सात वाजता नातू येतो. त्याचे ताट वेगळे. मुलाची गाडी, तिच्या मर्जीनुसार, साडेआठ ते नऊच्या दरम्यान येते आणि मग ती दोघे जेवतात. एका स्वयंपाकघरात तीन पंगती, आणि पहिल्या पंगतीत एक माणूस. समोर घड्याळ आणि दिनदर्शिका. आमची सौभाग्यवती असती तर पहिल्या पंगतीला निदान दोन पाने असती. दोन महिन्यांनी मला जाणवले की मी जेवतो ते भूक लागते म्हणून नव्हे, सूर्य मावळतो म्हणून. तेव्हा कोणाला न सांगता पुतण्याला फोन केला आणि लातूर एक्स्प्रेसचे परतीचे तिकीट बघायला सांगितले.

त्याच आठवड्यात नातवाची निवड झाली. तो आठवीत आहे आणि स्वतःपेक्षा उंच पिशवी खांद्यावर घेऊन पहाटे सरावाला जातो. रणजी करंडक 42 वेळा जिंकलेल्या या शहरात क्रिकेट हा खेळ नसून पिढीजात पेढी आहे. येथील खेळाडूला ‘खडूस’ म्हटले, की तो कृतकृत्य होतो. आमच्या पेठेत हा शब्द उधारी मागितल्यावर कपाळाला आठ्या घालणाऱ्यासाठी राखून ठेवलेला होता. येथे तो बिरुदासारखा मिरवतात. विकेट फुकट द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ, असे नातवाने मला समजावले. म्हणजे आमचाच अर्थ.

सामना रविवारी आझाद मैदानावर होता. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी 1988 साली 664 धावांची भागीदारी केली ती याच मैदानावर, ही माहिती मला घरातून निघेपर्यंत चार वेळा ऐकवण्यात आली. मैदान पाहिले आणि मी चक्रावलो. एकाच मैदानात इतके सामने, की एका सामन्याचा सीमेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाच्या पाठीशी उभा. कोणाचा चेंडू कोणाकडे जातो आणि कोण तो परत फेकतो, याचा ताळेबंद कोणीही ठेवत नाही, तरी तो जुळतो. एका उंच मुलाच्या फटक्यांना मी अर्धा तास टाळ्या वाजवल्या. शेवटी मुलगा हळूच म्हणाला, “बाबा, तो सामना आपला नाही.”

आपल्या सामन्यात नातू नवव्या क्रमांकावर गेला आणि दुसऱ्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला. हातमोजे काढत तो आमच्याजवळ आला आणि काही न बोलता बसला. डिसेंबरचे दिवस, सव्वापाच वाजले होते. सूर्य चर्चगेटच्या इमारतींमागे उतरू लागला होता. मी सवयीने घड्याळ पाहिले. सूनबाईने ते पाहिले आणि पिशवीतून डबे काढले. दशम्या, लसणाविना केलेली आमची शेंगाचटणी, कैरीचे लोणचे. मुलाने सतरंजी पसरली.

चौघे एका रांगेत बसलो. मुलगा सूर्यास्तापूर्वी जेवताना मी किती वर्षांनी पाहिला, हे मोजता आले नाही. नातवाने तिसरी दशमी संपवल्यावर आपण कसे बाद झालो ते सांगायला सुरुवात केली. चेंडू आत वळला होता, म्हणे. त्याच्या वडिलांनी लोणच्याच्या बोटांनीच पाय कुठे टाकायला हवा होता ते दाखवले. मध्ये शेजारच्या सामन्यातला चेंडू घरंगळत सतरंजीपर्यंत आला. नातवाने तो उचलून परत फेकला आणि पुन्हा जेवायला बसला. मी हात धुतले तेव्हा घड्याळात पाच पंचेचाळीस झाले होते. बारा मिनिटांना हात लावावाच लागला नाही.

सोमवारी पुतण्याचा फोन आला. “काका, तिकीट मिळतंय. पुढच्या रविवारी रात्रीचं काढू?”

मी म्हटले, “रविवार सोडून बघ. रविवारी ओव्हल मैदानावर सामना आहे.”