रिंग सगळीकडं १० फुटांवरच!

आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल जवळ आलं की जुन्नर, ओतूर, मंचरच्या पोरापोरींना एकच प्रश्न पडतो: मोठ्या कॉलेजांपुढं आपला टिकाव लागेल का? मातीत कबड्डी खेळून कमावलेला दम आपल्याकडं आहेच. पण इथं १० मिनिटांचे ४ क्वार्टर, चाल पूर्ण करायला फक्त २४ सेकंद आणि ५ फाउल झाले की खेळाडू बाहेर. म्हणजे पाच जण भारी असून भागत नाही, बेंचही तयार लागतो. छोट्या कॉलेजांचं घोडं तिथंच अडतं. तरी कॉलेज हरलं म्हणून सगळं संपत नाही. चांगल्या खेळाडूला आधी पुणे जिल्हा विभागाचा संघ, मग विद्यापीठाचा, असा रस्ता असतो. म्हणून आतापासून रोज फ्री थ्रो मारा. तिथं आडवं कुणीच येत नाही!