जुना वाडा आणि चालता माग

जुन्या इमारतीचें काय करावें, हा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे बहुधा दोनच उत्तरें ऐकूं येतात. एक, ती पाडून टाकावी. दुसरें, रंगरंगोटी करून दाराशीं तिकिटाची खिडकी बसवावी. ह्या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग आहे, आणि तो नर्मदाकांठीं महेश्वर येथें पाहावयास मिळतो.

अहल्याबाई होळकर (राज्यकाल १७६७–१७९५) ह्यांनीं महेश्वरास राजधानी केली व बाहेरगांवचे विणकर आणून तेथें वसविले. १८१८ सालीं राजधानी इंदुरास गेली. दरबाराचें गिऱ्हाइक तुटलें, पुढें गिरण्यांचें स्वस्त कापड आलें, आणि माग एकामागून एक थांबूं लागले. १९७८-७९ च्या सुमारास रिचर्ड व सॅली होळकर ह्यांनीं तेथें 'रेहवा सोसायटी' स्थापिली. रेवा हें नर्मदेचेंच नांव. किल्ल्यांतील होळकरांच्या जुन्या वास्तूंत माग मांडले गेले, आणि स्त्रियांनाही विणण्याचें शिक्षण मिळालें.

कोणी म्हणेल, पत्र्याच्या छपराखालीं माग चालत नाहीं काय? चालतो, पण वैशाखांत त्या छपराखालीं आठ तास बसून पाहावें. महेश्वरी लुगड्याचा ताणा रेशमाचा व बाणा सुताचा. कोरड्या, तापलेल्या हवेंत धागा वारंवार तुटतो. जाड भिंतींच्या खोलींत तो तितका तुटत नाहीं, व माणूसही कमी शिणतो. शिवाय चटाई, वीट, लाट, हिरा ह्या काठांवरील नक्षी किल्ल्याच्या दगडी कामावरून घेतल्याचें सांगतात. नमुन्याची वही तेथें खिडकीबाहेरच उघडी आहे!

इमारतीला इजा होईल, हें भय मात्र अगदींच निराधार नाहीं. खड्ड्याच्या मागासाठीं जमीन खणावी लागते. लाकडी चौकटीचा माग जमिनीवर उभा राहतो व हलवितां येतो. तेव्हां वास्तु पाहून माग निवडावा, मागासाठीं भिंत फोडूं नये. आणि छताची गळती प्रथम कोणाच्या ध्यानांत येते? ज्याच्या ताण्यावर पाणी ठिबकतें त्याच्या. कुलूप लावलेल्या दिवाणखान्याच्या भिंतींत पिंपळ वर्षभर वाढतो, आणि कोणास पत्ता नसतो.

एक अट मात्र मीं आग्रहानें घालीन. विणकर तेथें देखावा म्हणून बसतां कामा नये. पाहुणे आले कीं धोटा फिरावा आणि गेले कीं थांबावा, ह्यास पुनरुज्जीवन म्हणणें धाडसाचें होईल. रेहवानें विणकरांच्या मुलांसाठीं शाळाही चालविली, ही गोष्ट मला कापडाइतकीच महत्त्वाची वाटते. मजुरीवर घर चालत नसेल तर विणकराचा मुलगा माग सोडून जाईल, आणि त्यास दोष देण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

पालकांपैकीं ज्यांच्या गांवीं रिकामा वाडा किंवा धर्मशाळा असेल, व जवळच साळी-कोष्ट्यांची वस्ती असेल, त्यांनीं ती वास्तु विकण्यापूर्वीं छत किती शाबूत आहे, उजेड कोणत्या दिशेनें येतो आणि आंत माग किती मावतील, एवढें तरी मोजून पाहावें. मोजपट्टीचें दुसरें टोंक धरावयास आमचे विद्यार्थी आहेतच.