खोली सामाईक, पाळी ठरवून घ्या



बारावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यातली पोरं-पोरी लातूर, परभणी, पुण्याकडे कॉलेजला निघतात. आपण फीची जुळवाजुळव करतो, गादी-बादली घेऊन देतो. पण एका खोलीत परक्या पोराबरोबर वर्ष कसं काढायचं, हे कोणी सांगत नाही. मग दिवाळीच्या आतच फोन येतो, "माझं इथं जमत नाही." खोलीतल्या कटकटीला कंटाळून शिक्षण सोडून आलेली पोरं गावोगाव भेटतात. वर्षही जातं आणि पैसाही.

दोन खोल्यांच्या घरात दहा माणसांत वाढलेल्या पोराला हे अवघड का जावं? कारण घरात भांडण मिटवायला आई असते, आजी असते. तिथं दोघांनीच मिटवायचं असतं.

सामाईक विहिरीचा अनुभव आपल्याला आहेच. सातबाऱ्यावर हिस्सा लिहिलेला असला, तरी पाळी ठरली नाही तर भाऊ भावाचा वैरी होतो. खोलीचंही तसंच. झाडू कोणी मारायचा, पाणी कोणी भरायचं, रात्री दिवा किती वाजता मालवायचा, मोबाईलचा आवाज किती ठेवायचा, दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घ्यायची की नाही, हे पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्यावं. सामाईक खर्चाची वही ठेवावी.

काही खटकलं तर त्याच दिवशी, चारचौघांत नव्हे, दोघांतच बोलावं. "तुला वळणच नाही" असं म्हटलं की भांडण वाढतं. "बारानंतर दिवा असला की मला झोप येत नाही" असं म्हटलं की तोड निघते. नाहीच निघाली तर रेक्टरकडे जावं. मात्र मारहाण, चोरी, नशा किंवा रॅगिंग असेल तर एक दिवसही सोसू नये. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात १९९९ पासून कायदा आहे.

पालकांनीही एक पथ्य पाळावं. पहिल्या फोनला खोली बदलायला धावू नये. आणि "आपल्यातलाच जोडीदार बघ" हा सल्ला तर मुळीच देऊ नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली, कामं वाटून घेऊन शिकली. शंभर वर्षांपूर्वी जमलं ते आज का जमू नये?

आता गावच्या भाऊसाहेबांना आणि ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांना विनंती. मेसच्या पैशाला उशीर झाला की खोलीतली उधारी वाढते आणि उधारीतून मन तुटतं. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना किंवा स्वाधार योजनेच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो. त्यासाठी पोराला चार चकरा मारायला लावू नका. योजनांच्या अटी चावडीवर वाचून दाखवा.

पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो. पोराला एस.टी.त बसवण्याआधी त्याच्याशी या गोष्टी तासभर बोलायला काय हरकत आहे?