माळढोक, माळ आणि सात-बारा

माळढोक पक्षी राखला पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. तो ज्या रीतीने राखू पाहिला, ती रीत मात्र आम्हांस पसंत नाही.

ह्या पक्ष्याची मादी बहुधा वर्षाकाठी एकच अंडे घालते, तेही उघड्या माळावर, घरटे न बांधता. सुमारे सत्तावीस दिवस ती एकटीच ते उबविते. नर तिकडे फिरकतही नाही. आपल्याकडे हा काळ पावसाळ्याचा. कुत्रे, मेंढरे किंवा एखादा हौशी छायाचित्रकार जवळ आला की ती उठते, आणि अंडे कावळ्याच्या स्वाधीन होते. (टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस ताडणाऱ्या शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको.) विणीपुरते तिला हवे ते फार नाही : गवताळ माळ आणि चार महिने शांतता.

दिले काय? १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले. करमाळा, माढा, कर्जत, श्रीगोंदे अशा तालुक्यांतील गावेच्या गावे, खासगी शेतांसुद्धा, त्यात आली. जमिनीच्या व्यवहारांस व बांधकामांस अडथळे आले. आमची हयात सात-बाराचे उतारे लिहिण्यात गेली. जमिनीवर बोजा चढला की खातेदाराचे मन कसे फिरते, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. नाकतोडे वेचणारा हा पक्षी लोकांस सावकारासारखा दिसू लागला. २०१२ साली क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले. तोवर माळ नांगरले गेले होते, कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला होता, आणि उरल्या गवतात सरकारी लागवडीची झाडे वाढली होती! माळ म्हणजे पडीक, हा समज चावडीवर होता तसाच कचेरीतही होता.

आज महाराष्ट्रात हा पक्षी क्वचितच दृष्टीस पडतो. देशात उरलेले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे आहेत. डोळे बाजूंस असल्याने त्यांस समोरची तार वेळेवर दिसत नाही, म्हणून तेथे विजेच्या तारांवर आदळून ते मरतात. २०१९ पासून रानातील अंडी आणून पिल्ले वाढविण्याचे काम तेथे चालू आहे व त्यास यशही येत आहे. पण ती पिल्ले पुढे सोडावयाची कोठे?

आमचे म्हणणे असे की, गायरानातील गवताचे पट्टे ग्रामसभेनेच आखावेत. जुलै ते ऑक्टोबर तेथे चराई व कुत्री बंद ठेवावीत. आणि जो खातेदार आपला माळ नांगरणार नाही, त्यास सरकारने बुडालेल्या पिकाच्या हिशेबाने दरसाल रोख मोबदला द्यावा, अर्जाचे हेलपाटे न घालविता. गवत दिवाळीनंतर कापून गावाने वाटून घ्यावे.