जोत्याखालचा खर्च

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सर्वांनीच वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र हेच 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु' असे म्हणतात, आणि तेलंगणात गेलात तर 'इल्लु कट्टि चूडु, पेळ्ळि चेसि चूडु' असे ऐकायला मिळते. भाषा तीन, अनुभव एकच. या दोन कार्यांत ठरवलेला खर्च आणि झालेला खर्च यांची कधी गाठ पडत नाही, असा त्याचा अर्थ.

लग्नाच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे. पाहुणे किती येतील आणि ऐनवेळी कोण रुसून बसेल, हे कोणी आधी मोजू शकत नाही. पण घराचे तसे नाही. भिंतीची लांबी मोजता येते, विटा मोजता येतात, सिमेंटची पोती मोजता येतात. मग पिढ्यान्पिढ्या घर बांधणाऱ्याचा अंदाज का चुकावा? बेरीज-वजाबाकी येत नाही म्हणून तो चुकतो, असे मला वाटत नाही. जी गोष्ट सर्वांत आधी मोजायला हवी ती मोजलीच जात नाही, म्हणून तो चुकतो. ती गोष्ट म्हणजे घराखालची जमीन. आणि या चुकीची सर्वांत जड किंमत ज्याच्याजवळ सर्वांत कमी पैसा आहे त्यालाच मोजावी लागते. हे स्पष्ट दिसावे म्हणून आदिलाबाद जिल्ह्याचे उदाहरण घेऊ.

आदिलाबाद म्हणजे पैनगंगेपलीकडचा आपला शेजारी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. त्या वर्षी ते मुंबई राज्याकडे आले. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. परंतु नदीकाठच्या गावांतून मराठी आजही ऐकू येते, तेलुगू आणि गोंडी तिच्या शेजारी नांदतात, आणि शेतात कापूस डोलतो. कापूस आला म्हणजे काळी जमीन आलीच. भूगोलाच्या पुस्तकात तिला 'रेगूर' म्हणतात. हा शब्द तेलुगूतील 'रेगड' या शब्दापासून आलेला आहे. कन्नडमध्ये हीच 'एरे' जमीन.

ही जमीन कापसाला माय असली तरी घराला सावत्र आई आहे. हिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. पाणी मिळाले की ती फुगते आणि सुकली की आक्रसते. पावसाळ्यात पाय रुतेल असा चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले असते. त्या भेगा शेतात पडतात तशाच अंगणाखाली आणि भिंतीखालीही पडतात. दरवर्षी जमीन थोडी वर उचलते आणि थोडी खाली बसते. तिच्यावर उथळ पायाने उभी असलेली भिंत तिच्याबरोबर हलते आणि चिरते. आपल्याकडे बांधकाम सुरू होते ते कापसाचा पैसा हातात आल्यावर, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर. त्या वेळी कुदळ आपटावी तर ही माती दगडासारखी वाजते. 'जमीन टणक आहे, तीन फूट पुरे' असे मिस्त्री सांगतो आणि मालकालाही ते गोड वाटते. जमिनीचा खरा स्वभाव मृग बरसल्यावर कळतो; तोवर स्लॅब पडून गेलेला असतो.

आता अंदाज कसा काढतात ते पाहू. गावात प्रश्न एकच असतो: 'चौरस फुटाला काय भाव?' गुत्तेदार एक आकडा सांगतो, मालक त्याला घराच्या क्षेत्रफळाने गुणतो आणि अंदाज तयार होतो. स्थापत्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही ही पद्धत आहे, परंतु तिला तेथे ढोबळ अंदाज म्हटले आहे. काम सुरू करण्यापूर्वी तपशीलवार अंदाजपत्रक काढावे आणि अनपेक्षित खर्चासाठी शेकडा तीन ते पाच रुपये वेगळे ठेवावेत, असे तीच पुस्तके सांगतात. चौरस फुटाच्या भावात पाया किती खोल धरला आहे? जोत्याची भरणी धरली आहे का? रेती किती कोसांवरून येणार? संडास, पाण्याची टाकी, विजेचे फिटिंग त्यात आहे का? हे प्रश्न कोणी विचारत नाही. आणि विचारले नाहीत ते सारे नंतर 'जादा काम' म्हणून समोर येते.

यावर उपाय म्हणजे माप आधी काढावे आणि दर नंतर लावावा. सिमेंटचा भाव महिन्यागणिक बदलतो, म्हणून रुपयांत केलेला अंदाज शिळा होतो. मापे मात्र शिळी होत नाहीत. बाहेरून वीस फूट लांब आणि वीस फूट रुंद, मध्ये एक आडभिंत असलेले साधे घर घ्या. नऊ इंची भिंती धरल्या तर सर्व भिंतींची मिळून लांबी सुमारे ९५ फूट भरते. भिंत दहा फूट उंच धरून दारे-खिडक्या वजा केल्या तर सुमारे १८ घनमीटर वीटकाम होते आणि घनमीटरला ५०० या हिशेबाने ९,००० विटा लागतात. वर सर्व बाजूंनी फूटभर सज्जा सोडून साडेचार इंचांचा स्लॅब टाकला, तर सव्वापाच घनमीटरच्या आतबाहेर काँक्रीट, सुमारे ४० पोती सिमेंट आणि चार क्विंटल लोखंड लागते. हे आकडे आदिलाबादला, बिदरला आणि सोलापूरला सारखेच आहेत.

फरक पडतो तो खाली. मुरमाड जमिनीत अडीच फूट रुंद आणि तीन फूट खोल चर पुरतो. म्हणजे सुमारे सात ब्रास खोदाई. काळ्या जमिनीत कठीण थर लागेपर्यंत खाली जावे लागते. तो सहा फुटांवर लागला असे धरले तरी खोदाई चौदा ब्रासांच्या वर जाते, आणि तेवढाच चर दगडाने आणि काँक्रीटने भरावा लागतो. शिवाय घराच्या आतली काळी माती दोन फूट तरी काढून तेथे मुरूम भरला नाही, तर फरशी उचलते. त्यासाठी साडेसहा ब्रास मुरूम जादा. थर फारच खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशातील काळ्या जमिनीसाठी विकसित केलेला उपाय करावा लागतो: जमिनीत खांब घालायचे आणि त्यांचे तळ घंटेसारखे फुगवायचे, म्हणजे वरची माती हलली तरी घर हलत नाही. तात्पर्य, जोत्यावरचे घर तेच, पण जोत्याखालचा खर्च दुप्पट. चौरस फुटाच्या भावात हे कोठेच दिसत नाही.

आता सरकारी आकड्याकडे वळू. तेलंगण सरकारने २०२४ साली इंदिरम्मा गृहयोजना सुरू केली. स्वतःची जागा असलेल्या कुटुंबाला घरासाठी पाच लाख रुपये, तेही टप्प्याटप्प्याने. योजना चांगली आहे यात शंका नाही. कुटुंब स्वतः उभे राहून आपले घर बांधते, ही तर फारच चांगली गोष्ट. परंतु पहिला एक लाखाचा हप्ता मिळतो तो जोते पुरे झाल्यावर. म्हणजे जोत्यापर्यंतचा पैसा कुटुंबाने आधी स्वतः उभा करायचा. मुरमाड माळावरचा माणूस हे कसेबसे साधेल. पण काळ्या जमिनीवरच्या माणसाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत अनपेक्षित खर्च नेमका याच टप्प्यावर आहे, आणि याच टप्प्यावर त्याच्या हाती सरकारचा एक पैसाही नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. सावकाराकडे किंवा अडत्याकडे जाऊन पुढच्या कापसावर उचल घ्यायची, नाहीतर पाया तीन फुटांवर आटोपून हप्ता पदरात पाडून घ्यायचा. पहिल्या वाटेने घर कर्जावर उभे राहते, दुसऱ्या वाटेने भेगांवर.

याच राज्यात २०१५ साली दोन शयनगृहांच्या घरांची योजना आली होती. ५६० चौरस फुटांचे घर सरकारने गुत्तेदारांकडून बांधून द्यायचे आणि ग्रामीण भागात प्रत्येक घराला ५ लाख ४ हजार रुपये, असा हिशेब होता. तेव्हा पुष्कळ ठिकाणी निविदांना प्रतिसादच मिळाला नाही. एवढ्या पैशात परवडत नाही असे गुत्तेदारांचे म्हणणे होते. यातला बोध लक्षात घेण्यासारखा आहे. अंदाज अपुरा असेल तर गुत्तेदार नाही म्हणू शकतो. गरीब माणूस नाही म्हणू शकत नाही, कारण घर त्याला हवे असते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो खोटा नाही. सर्वांना एकच आकडा ठेवला की हिशेब सोपा राहतो आणि मधल्या माणसाला हात मारायला जागा उरत नाही. जमिनीप्रमाणे रक्कम बदलू लागली तर प्रत्येकाची जमीन कागदोपत्री काळी होईल. परंतु केंद्राने २०१६ साली आणलेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशाला १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशाला १ लाख ३० हजार, असा भेद आधीच मान्य केला आहे. जमिनीचा चढउतार खर्चात धरता येतो, तर तिचा पोत का धरता येऊ नये? गावाची कोणती शिवारे काळी आणि कोणती मुरमाड, हे महसुलाच्या कागदावर आहे आणि गुराख्यालाही तोंडपाठ आहे. एकूण रक्कम वाढवणे शक्य नसेल तर निदान एवढे तरी करावे: काळ्या जमिनीवर चर खोदून झाल्याबरोबर त्याची खोली मोजून पहिल्या हप्त्याचा अर्धा भाग द्यावा. चर बुजवल्यावर त्याची खोली कोणालाच दिसत नाही; उघडा असताना ती टेपाने मोजता येते. यात गुंतागुंत नाही, आणि खोटेपणाला जागाही कमीच.

आपल्या आधीच्या लोकांना ही जमीन कळत नव्हती असे मात्र समजू नये. आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास करणारे हायमेंडॉर्फ १९४० नंतरच्या दशकात मारलवाईला राहिले. त्यांचा या समाजावरचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. गोंडांची जुनी घरे लाकडी खांबांची, बांबूच्या कुडाची आणि वरून माती लिंपलेली असत. अशी हलकी भिंत जमिनीबरोबर थोडी हलते, पडलेली भेग पुढच्या सारवणात बुजते. रान जवळ होते, शेजारी हाताला हात लावत होते, म्हणून रोख खर्चही थोडा. पुढे जंगल राखीव झाले, लाकूड-बांबू परका झाला, आणि पक्के घर हीच प्रतिष्ठा ठरली. पक्के घर कोणाला नको आहे? पावसाळ्यात ज्याचे छप्पर गळते त्याला कुडाच्या भिंतीचे कौतुक सांगणे हा उद्धटपणा होईल. म्हणणे एवढेच की कुडाचे घर सोडून विटांचे घर उचलले, तेव्हा त्या घराला लागणारा पायाही अंदाजात उचलायला हवा होता.

मग एवढा पैसा आणायचा कोठून? थोडा घरातूनच निघतो, मात्र योग्य जागी काटकसर केली तर. केरळात लॉरी बेकर यांनी आयुष्यभर स्वस्त घरे बांधली. विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवण्याच्या, त्यांनी रूढ केलेल्या बांधणीत विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात. वरच्या आपल्या घरात त्या दोन हजारांवर होतात. समोरचा नक्षीचा कठडा, चकचकीत फरशी, रंगीत कमान या गोष्टी दोन वर्षांनी केल्या तरी चालते. पाया मात्र दोन वर्षांनी खोल करता येत नाही. दुर्दैवाने आपल्याकडे उलटे होते: दिसते त्यावर खर्च आणि दिसत नाही त्यावर काटछाट. आणि पैसा खरोखरच पुरत नसेल, तर चारशे चौरस फुटांचे अर्धवट घर बांधण्यापेक्षा तीनशेचे पुरे घर बांधणे शहाणपणाचे. हा निर्णय कागदावर घेतला तर फुकट पडतो. भिंती उभ्या राहिल्यावर घेतला तर फार महाग पडतो.

शेवटी विद्यार्थी मित्रांना उद्देशून दोन शब्द. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कधी ना कधी बांधकाम निघेल. त्या वेळी घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी म्हणून आपल्याला काय करता येईल? वर जे माप काढले त्याला सातवीच्या गणितापलीकडे काही लागत नाही. ज्या जागी घर व्हायचे तेथे एक खड्डा खणून कठीण थर किती खाली आहे ते पाहा. मग घरच्यांच्या भाषेत, मराठीत असो, कन्नडमध्ये असो की तेलुगूत, एका कागदावर लिहा: पाया इतका, भरणी इतकी, विटा इतक्या, सिमेंट इतके, लोखंड इतके. गुत्तेदाराला चौरस फुटाचा भाव विचारण्याआधी त्याच्यासमोर हा कागद ठेवा आणि त्यातले कोणते कलम तो धरतो, कोणते सोडतो, ते त्याच्याकडून लिहून घ्या. अध्यापक मंडळींनीही मनावर घेतले तर सुटीतल्या श्रमसंस्कार शिबिरात एखाद्या गावातल्या दहा घरांची अशी अंदाजपत्रके सहज तयार होतील. त्यामुळे कोणाची गरिबी हटणार नाही, हे खरे. पण आपण कोणत्या ओझ्याखाली खांदा देत आहोत, हे खांदा देण्यापूर्वी माणसाला कळेल; आणि सरकारदरबारी पायाचे पैसे आधी मागायची वेळ आली, तर त्याच्या हातात रिकाम्या तक्रारीऐवजी मोजलेला आकडा असेल.